कातळसड्यावरील दुचाकी प्रवास आणि वन्यजीव

रत्नागिरी जिल्हा म्हटला की नारळी-पोफळीच्या वाड्या, हापूस आंब्याच्या बागा आणि भातखाचरे डोळ्यांपुढे उभी राहतात. या हिरव्या चित्राच्या वरच्या अंगाला मात्र दुसरे एक रत्नागिरी पसरलेले आहे. ते म्हणजे जांभ्या दगडाचे विस्तीर्ण, सपाट, उघडे सडे. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर या सड्यांवर पाणी नाही, सावली नाही आणि वैशाखात पाय ठेवता येऊ नये इतका कातळ तापतो. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याच जिल्ह्यात वाळवंटाची आठवण करून देणारी ही भूमीही आहे. राजस्थानच्या थर वाळवंटात आढळणारे फुरसे रत्नागिरीच्या सड्यांवर विपुल प्रमाणात आढळते. हा योगायोग नसून तापलेला दगड, विरळ गवत व दगडाखालची गार पोकळी या परिस्थितीचा तो परिणाम होय.

पूर्वी या सड्यांवरून माणसे पायी जात. आज वाडीवस्तीला जाणारा ग्रामसेवक, दोन वाड्यांवरील शाळा सांभाळणारा शिक्षक, पशुधन पर्यवेक्षक, टपाल वाटणारा कर्मचारी आणि आंब्याच्या राखणीला जाणारा बागायतदार यांचे वाहन मोटारसायकल हेच आहे. डांबरी रस्त्याने दहा-बारा किलोमीटरचा वळसा पडत असेल तेथे सड्यावरून तीन किलोमीटरची आडवाट काढण्याकडे साहजिकच कल असतो. यात आता मुंबई-पुण्याकडून येणाऱ्या हौशी दुचाकीस्वारांची भर पडली आहे. रस्ता सोडून कातळावर, घाटातील जंगलवाटेवर वा समुद्राच्या पुळणीवर वाहन चालविण्याची आवड वाढत चालली आहे. या वाढत्या वर्दळीत माणसाला वन्यजीवांपासून होणारा धोका व वन्यजीवांना माणसापासून होणारा धोका, असे दुहेरी प्रश्न उभे राहतात. गावपातळीवर काम करणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्यास या दोहोंची माहिती असणे आवश्यक आहे.

सडा ओसाड नाही

महसुली दप्तरात सड्याच्या बऱ्याचशा जमिनीची नोंद पोटखराब म्हणून झालेली असते. शेतीच्या दृष्टीने ती नोंद योग्यच आहे. परंतु जेथे पीक येत नाही तेथे काहीच राहत नाही, असा अर्थ त्यातून काढला जातो आणि मग उघड्या कातळावरून कोणीही, कसेही वाहन हाकावे अशी समजूत होते. ही समजूत चुकीची आहे.

कातळावरील मातीचा थर कित्येक ठिकाणी बोटभर जाडीचाही नसतो. तेवढ्या मातीत मृगाच्या सरींनंतर अनेक प्रकारची गवते व फुले उगवतात. त्यांत दीपकाडीसारखी कोकणच्या सड्यांखेरीज अन्यत्र क्वचितच दिसणारी वनस्पती आहे, तसेच कीटक पकडून आपली भूक भागविणाऱ्या सीतेची आसवे या वर्गातील वनस्पतीही आहेत. कातळातील उथळ डबक्यांत बेडूक अंडी घालतात. सुट्या दगडांखाली पाली, विंचू, गोमा व साप उन्हापासून आश्रय घेतात. अंगावर पांढरे पट्टे असलेल्या एका लहानशा जमिनीवरील पालीची शास्त्रीय नोंद १९६३ साली प्रथम झाली ती रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या परिसरातून. कोकणातील अशा सड्यांपुरतेच तिचे अस्तित्व मर्यादित आहे. टिटवी तर घरटे न बांधता उघड्या जमिनीवरच चार खडे जमवून अंडी घालते. रंगाने ती अंडी आजूबाजूच्या खड्यांत इतकी मिसळून जातात की चार पावलांवरूनही ओळखू येत नाहीत.

याच सड्यांवर आदिमानवाने खोदलेली कातळशिल्पे आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढ्ये तळी, बारसू, देवीहसोळ, देवाचे गोठणे या गावांतील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत २०२२ साली झाला. कशेळीच्या सड्यावर हत्तीची भव्य आकृती कोरलेली असून तिच्या पोटात इतर अनेक प्राण्यांच्या आकृत्या आहेत. या सड्यावर माणूस आणि वन्यप्राणी यांची गाठ किती पुरातन आहे, याचे यापेक्षा बोलके प्रमाण दुसरे नाही.

वेळ, वेग आणि वाट

वन्यप्राण्यांशी होणाऱ्या बहुतेक अपघाती भेटी दिवेलागणीच्या सुमारास, रात्री किंवा पहाटे होतात. रानडुकरे, कोल्हे, बिबट्या व गवे यांची हालचाल याच वेळी अधिक असते. सापांपैकी फुरसे, घोणस व मण्यार हेही प्रामुख्याने रात्री बाहेर पडतात. म्हणून आडवाटेचा प्रवास शक्यतो सूर्योदयानंतर व सूर्यास्तापूर्वी आटोपावा, हा पहिला नियम होय. शाळेची वा कार्यालयाची बैठक लांबली तर परतताना सड्याची वाट न धरता वळशाचा पण वहिवाटीचा रस्ता धरणे हिताचे ठरते.

दुसरी गोष्ट वेगाची. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसणे आणि हाताने ब्रेक दाबणे यांत सुमारे एक सेकंद सहज जातो. त्यानंतर चाके थांबण्यास लागणारे अंतर वेगळेच. जांभ्याच्या भुगा झालेल्या खड्यांवर किंवा पावसाळ्यात शेवाळलेल्या कातळावर चाक घसरते आणि हे अंतर आणखी वाढते. दिव्याचा प्रकाश जेवढ्या अंतरापर्यंत पोहोचतो त्याच्या आत वाहन थांबविता आले पाहिजे, असे साधे गणित मनाशी ठेवावे. ताशी ३० किलोमीटर वेगाने तेच वाहन सेकंदाला ८ मीटरच्या आसपास जाते. हा फरक जीव वाचविणारा आहे.

तिसरी गोष्ट वाटेची. पूर्वापार पडलेली पायवाट वा बैलगाडीची चाकोरी सोडू नये. वहिवाटीच्या वाटेवर दगड हललेले नसतात आणि पुढचा खड्डा दिसतो. जनावरांनाही त्या वाटेवरील माणसाच्या ये-जा करण्याची सवय झालेली असते. उंच वाढलेल्या गवतातून वाहन घालणे मात्र दोन्ही बाजूंनी धोक्याचे. गवताखाली चिऱ्यांच्या जुन्या खाणीचा खड्डा असू शकतो आणि डुकरीण पिलांसह बसलेलीही असू शकते. एकट्याने जावयाचे असल्यास कोणत्या वाटेने जात आहोत व केव्हा पोहोचू हे घरी किंवा कार्यालयात सांगून निघावे, कारण सड्याच्या खोलगट भागात भ्रमणध्वनीची सेवा मिळेलच असे नाही.

फुरसे : धोका थांबल्यावर

चालत्या दुचाकीवर बसलेल्या माणसास सर्पदंश होण्याचा संभव फारच कमी. धोका सुरू होतो तो वाहन थांबल्यावर. पाय टेकताना, घसरलेली गाडी उचलण्यासाठी चाकाखाली हात घालताना, टेकू म्हणून दगड उचलताना, क्षणभर विसावा घेण्यासाठी गडग्यावर बसताना किंवा वाहन खळ्यात लावून अंधारातून अनवाणी घराकडे चालताना दंश होऊ शकतो. हे लक्षात घेतले तर बचावाचे निम्मे काम होते.

फुरसे आकाराने लहान, बहुधा हात-दीड हात लांबीचे असते. रंग मातकट तपकिरी, अंगावर फिकट नागमोडी रेषा आणि डोक्यावर बाणासारखी अथवा पक्ष्याच्या पावलासारखी खूण असते. जांभ्याच्या खड्यांत ते चटकन दिसत नाही. डिवचले गेल्यास ते अंगाचे वेटोळे करून खरबरीत खवले एकमेकांवर घासते व करवत चालविल्यासारखा खरखर आवाज होतो. हा आवाज म्हणजे दूर राहण्याची सूचना होय. फुरसे माणसाचा पाठलाग करीत नाही. दोन मीटर मागे सरले की बहुतेक प्रसंग टळतो. दिवसा ते दगडाखाली असते. पावसाळ्यात ओल्या जमिनीपासून दूर राहण्यासाठी लहान झुडपावर चढून बसलेलेही आढळते. त्यामुळे हात केवळ जमिनीवरच नव्हे, तर झुडपातही पाहूनच घालावा.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश सरकारने फुरसे मारून आणणाऱ्यास बक्षीस देण्याची योजना रत्नागिरी जिल्ह्यात राबविली आणि लोकांनी लाखांच्या संख्येने फुरशी मारून आणली. तरीही फुरसे संपले नाही. साप मारल्याने सर्पदंश टळत नाहीत, पायात जोडा व हातात विजेरी असल्याने टळतात, हा त्या योजनेचा आजही उपयोगी पडणारा धडा आहे. दुचाकीस्वाराने घोटा झाकणारे बूट, जाड कापडाची सैल विजार व हातमोजे वापरावेत. शिरस्त्राण किंवा बूट काढून जमिनीवर ठेवले असल्यास पुन्हा घालण्यापूर्वी झटकून पाहावेत. वाहनासोबत लहान विजेरी असावीच, कारण इंजिन बंद केल्यावर दिव्याचा भरवसा धरता येत नाही.

दंश झाल्यास

सर्पदंशानंतरचा पहिला अर्धा तास गावात बहुधा वादात जातो. मांत्रिकाकडे न्यावे, पाला चोळावा, दोर आवळावा की जखम कापून रक्त काढावे, यावर मते पडतात. यांतील एकही उपाय उपयोगाचा नाही. दोर आवळून बांधल्यास रक्ताभिसरण थांबून अवयव निकामी होऊ शकतो. फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. अशा वेळी जखम कापणे म्हणजे न थांबणाऱ्या रक्तस्रावास निमंत्रण देणे होय.

योग्य उपचार सोपे आहेत. रोग्यास धीर द्यावा. त्याला चालू वा धावू देऊ नये. अंगठ्या, कडी, घड्याळ, पैंजण काढून ठेवावीत, कारण पुढे सूज येते. हाड मोडल्यावर बांधतात त्याप्रमाणे दंश झालेला हात वा पाय फळीचा आधार देऊन स्थिर करावा, मात्र आवळू नये. आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. साप पकडण्यात वा मारण्यात वेळ घालवू नये. भारतात तयार होणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषांवर चालते, म्हणून या चारांपैकी कोणता साप चावला यावाचून उपचार अडत नाही. घाटातील दाट झाडीत आढळणारा हिरवा चापडा मात्र या चारांत येत नाही. त्याच्या दंशावरही रुग्णालयातच लक्षणांनुसार उपचार होतात. डॉक्टरांना दंशाची वेळ, लक्षणे व आधी काही औषध दिले असल्यास तेही सांगावे.

रुग्णालयात रोग्याचे थोडे रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे न हलविता ठेवतात. रक्त गोठले नाही तर विष भिनले आहे असे निदान होते. फुरशाच्या दंशाची लक्षणे कधी कधी सावकाश दिसतात. हिरड्यांतून, लघवीवाटे किंवा जुन्या जखमेतून रक्त येऊ लागते. म्हणून दंशानंतर बरे वाटत असले तरी डॉक्टर सांगेपर्यंत घरी परतू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती योजना जाहीर करून सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे.

या कामी दुचाकीच उपकारक ठरू शकते. नेपाळच्या तराई भागात दमक येथे स्वयंसेवकांनी मोटारसायकलवरून सर्पदंशाच्या रोग्यांस तातडीने उपचार केंद्रात पोहोचविण्याची व्यवस्था केली, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटल्याचे आढळून आले. ज्या वाडीपर्यंत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका पोहोचू शकत नाही तेथून रोग्यास चालक व मागचा सोबती यांच्या मधोमध बसवून, मागच्याने त्याला धरून, रुग्णवाहिका येऊ शकेल अशा रस्त्यापर्यंत आणावे. रोगी शुद्धीवर असून नीट श्वास घेत असेल तरच हा मार्ग योग्य. एरवी त्यास डोलीतून वा चारचाकीतून कुशीवर निजवून न्यावे.

विंचू

सड्यावरील दगडाखाली लाल विंचूही असतो. त्याच्या दंशाने केवळ वेदना होतात असे नाही. घाम फुटणे, उलट्या, हातपाय गार पडणे, छाती धडधडणे व धाप लागणे ही लक्षणे दिसल्यास हृदयावर परिणाम होत आहे असे समजावे. लहान मुलांना याचा धोका अधिक. एके काळी कोकणात या दंशाने अनेक बळी जात. महाड येथे काम करणारे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात प्राझोसिन या रक्तदाबावरील औषधाचा विंचूदंशावर यशस्वी उपयोग केला आणि त्यामुळे मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. ग्रामीण दवाखान्यात केलेल्या निरीक्षणातून सिद्ध झालेला हा उपचार आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येण्याजोगा आहे. गरज आहे ती रोग्यास वेळेवर तेथे नेण्याची.

बिबट्या, गवा आणि रानडुक्कर

जिल्ह्याच्या पूर्वेस सह्याद्रीची रांग आहे. कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. चिपळूण, संगमेश्वर, लांजा, राजापूर या तालुक्यांतील घाटाखालच्या गावांना गवे नवीन नाहीत. कुंभार्ली, आंबा व अणुस्कुरा या घाटांत त्यांच्याशी सामना होऊ शकतो. बिबट्या तर घाटापासून किनाऱ्यापर्यंत सर्वत्र आहे. काजूच्या बागा, गवताळ सडे व गावालगतची झाडी त्याला पुरेशी होते. भक्ष्याच्या मागे धावताना तो कठडा नसलेल्या विहिरीत पडल्याच्या घटना जिल्ह्यात वारंवार घडतात.

बिबट्या रस्त्यात बसलेला किंवा ओलांडताना दिसला तर दूरवरच थांबावे. वाहन बंद करू नये. दिवा चालू ठेवावा, पण भोंगा वाजवीत त्याच्या अंगावर जाऊ नये. त्याला बाजूची झाडी मोकळी मिळाली की तो बहुधा निघून जातो. तो गेला तरी लगेच पुढे जाऊ नये, कारण मादी असल्यास मागे पिले असू शकतात. वाहनावरून उतरून पळणे, खाली वाकणे किंवा छायाचित्रासाठी जवळ जाणे ही मोठी चूक होय. पायी असताना गाठ पडल्यास ताठ उभे राहून, हात वर करून, मोठ्याने बोलत, त्याच्याकडे पाठ न करता मागे सरावे. झाडीत बिबट्याची पिले एकटी आढळली तर ती अनाथ समजून उचलू नयेत. त्यांची आई जवळपासच असते आणि पिले हलविल्यास ती आक्रमक होते.

गवा दिसावयास शांत असतो, परंतु पूर्ण वाढलेल्या नराचे वजन १,००० किलोग्रॅमपर्यंत जाऊ शकते. कळप रस्ता ओलांडीत असल्यास निदान ५० मीटर दूर थांबून संपूर्ण कळप जाऊ द्यावा. मधूनच गाडी काढल्यास पिलू व आई यांची ताटातूट होते आणि संतापलेली मादी धावून येते. एकटा नर वाटेत उभा असेल तर घाई करू नये. त्याने फुत्कार टाकला, डोके हलविले किंवा आपली भरदार बाजू आडवी करून दाखविली तर ती माघार घेण्याची सूचना समजावी.

दुचाकीस्वाराचे अपघात मोठ्या संख्येने होतात ते मात्र रानडुकरांमुळे. डुक्कर एकाएकी झाडीतून बाहेर पडते आणि सरळ रेषेत धावते. एक गेले की मागून आणखी येणार हे गृहीत धरावे. भातकापणीच्या दिवसांत शेताकडेच्या रस्त्यावर विशेष सावध राहावे. जखमी डुकराजवळ जाऊ नये.

घाटात व जुन्या किल्ल्यांच्या तटबंदीवर आग्या मोहोळ असते. त्याखाली वाहन उभे करणे, धूर करणे वा दगड मारणे टाळावे. माश्या उठल्यास शिरस्त्राण न काढता, तोंड झाकून, शक्य तितक्या लवकर दूर जावे. कोल्हा किंवा कुत्रा चावल्यास, ओरखडा लहान असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यावी.

नदीकाठ व समुद्रकिनारा

चिपळूण येथील वाशिष्ठी नदीत मगरींची वस्ती आहे. पुराच्या दिवसांत त्या रस्त्यावर आल्याचेही दिसले आहे. साकव पाण्याखाली गेला असताना त्यावरून दुचाकी घालण्यात वाहून जाण्याचा धोका मोठा आहेच, त्यात ही आणखी भर. मगर दिसलेल्या काठावर वाहन धुणे टाळावे.

पुळणीवर वाहन चालविण्याचा परिणाम वेगळाच होतो. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी आदी किनाऱ्यांवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्रकासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिले बाहेर पडण्यास साधारण दीड ते दोन महिने लागतात. चाकाखाली वाळू दबली की घरटे गुदमरते. चाकांनी पडलेल्या खोल चऱ्यांत अडकलेली पिले समुद्रापर्यंत पोहोचत नाहीत. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने चालविलेल्या संरक्षणकार्यामुळे वेळासचे नाव सर्वत्र झाले. त्या कार्यावर एका संध्याकाळच्या मौजेने पाणी पडू नये, ही जबाबदारी पाहुण्यांइतकीच यजमान गावाचीही आहे.

कायदा आणि कर्तव्य

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या व गवा यांना अनुसूची एकचे संरक्षण आहे. वन्यप्राण्याचा पाठलाग करणे, त्यास डिवचणे किंवा वाहनाने हुसकावणे हाही शिकारीच्या व्याख्येत मोडणारा अपराध होय. जखमी किंवा विहिरीत पडलेला प्राणी दिसल्यास गर्दी न करता वन विभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस जखमी वा मृत झाल्यास, पशुधनाची अथवा पिकाची हानी झाल्यास शासनाकडून नियमानुसार अर्थसाहाय्य मिळते. त्यासाठी घटनेची खबर विनाविलंब वनरक्षकास देणे व पंचनामा होईपर्यंत जागेवरील खुणा तशाच ठेवणे आवश्यक असते. ग्रामपंचायत सदस्यांनी या कामी पुढाकार घेतल्यास गरीब कुटुंबाची परवड टळते.

ग्रामपंचायतींना करता येण्यासारखे बरेच आहे. सड्यावरून दुचाकीसाठी एकच वाट निश्चित करून तिच्या कडेला चुन्याने रंगविलेले दगड लावावेत. कातळशिल्पांच्या व पाणथळ डबक्यांच्या भोवती वाहन जाणार नाही असा चिऱ्यांचा बुटका गडगा घालावा. कठडा नसलेल्या विहिरींना कठडे बांधावेत. त्यात माणूस, गुरे व बिबट्या या सर्वांचेच रक्षण आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थापन झालेल्या गावच्या समितीने लोकजैवविविधता नोंदवहीत सड्यावरील प्राणी-वनस्पतींची नोंद करावी, म्हणजे पोटखराब या एका शब्दाआड दडलेली संपत्ती कागदावर येईल. जवळच्या कोणत्या आरोग्य केंद्रात प्रतिविषाची लस उपलब्ध आहे याचा फलक चावडीवर व शाळेत लावावा आणि पावसाळ्यापूर्वी त्याची खातरजमा करून घ्यावी. प्रत्येक वाडीतील दुचाकी असलेल्या दोन-तीन तरुणांची नावे रोगी पोहोचविण्यासाठी ठरवून ठेवावीत.

शिक्षकांचा वाटा यात मोठा आहे. चार विषारी सापांची चित्रे, दंशानंतरचे उपाय आणि टाळावयाच्या गोष्टी इतके एका तासिकेत शिकविता येते. अवयव फळीला कसा बांधावा याचे प्रात्यक्षिक मुलांकडूनच करवून घ्यावे. जे मूल शाळेत हे शिकते ते घरी दोर आवळू देत नाही. श्रावण-भाद्रपदात जवळच्या सड्यावर पायी सहल नेल्यास तेथील फुले, बेडूक व टिटवीचे कूजन यांचा परिचय होतो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली की जवळ तिची अंडी आहेत आणि आल्या वाटेने परत फिरावे, एवढे त्या मुलांना कळले तरी उद्याचे दुचाकीस्वार आपोआप सावध होतील.

वाड्यावस्त्यांपर्यंत रस्ते व वाहने पोहोचणे हा विकासाचाच भाग आहे आणि सड्यावरील दुचाकी ही गावाची गरज आहे. तिला बंदी घालण्याचे कारण नाही. वाट ठरलेली असावी, वेग आवरलेला असावा, पायात बूट व हाती विजेरी असावी आणि अडचणीच्या वेळी कोठे जावयाचे हे ठाऊक असावे, एवढेच अपेक्षित आहे. या साध्या गोष्टी प्रत्येक ग्रामपंचायतीने येत्या पावसाळ्यापूर्वी मनावर घेतल्या, तर सड्यावरून जाणारा प्रवासी सुखरूप घरी पोहोचेल आणि दगडाखालचा रहिवासीही आपल्या जागी सुखरूप राहील.